डोक्यावर नाक असलेली मेंढी

आमच्या शहरातला माणूस पाण्याविषयी बोलायला लागला की समजावं, तो नळाविषयी बोलतोय. नळ कधी येणार, किती वेळ राहणार, टँकरवाला फोन का उचलत नाही, वरच्या मजल्यावरच्यानं मोटार का लावली. यापलीकडे पाण्याला काही आयुष्य असतं हे छत्रपती संभाजीनगरात सहसा कुणाला सुचत नाही. अशा गावात राहून मी गेली काही वर्षं देवमासे आणि डॉल्फिन यांचा अभ्यास करतो. अभ्यास हा शब्द मीच वापरतो. बाकीचे सगळे नाद म्हणतात.

ज्या घरात एका बादलीत दोघांच्या आंघोळी उरकतात, त्या घरात एक माणूस जेवता जेवता सांगतो की निळा देवमासा एका घासात खोलीभर पाणी तोंडात घेतो. बायको वरणाची वाटी पुढं सरकवते आणि म्हणते, "घेऊ द्या की. त्याला कुठं नळाची वाट बघावी लागते?" तिचं चूक नाही. माझं लग्न झालं तेव्हा मला असलं काही नव्हतं. तिनं एका झेरॉक्सच्या दुकानदाराशी लग्न केलं होतं. समुद्र नंतर आला.

तो आला औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात, गुंडाळी होऊन. कॉलेजची एक मुलगी देवमाशांचा मोठा रंगीत तक्ता लॅमिनेशनला टाकून गेली आणि परत फिरकलीच नाही. परीक्षा संपली असेल, लग्न ठरलं असेल, नाहीतर शहाणपण सुचलं असेल. तक्ता मी भिंतीवर लावला, म्हटलं दिसला तर घेऊन जाईल. दुपारी औरंगपुऱ्यात गर्दी जेवायला जाते आणि दुकानदाराला भिंतीकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. रोज बघून बघून मला ते प्राणी नातेवाइकांसारखे ओळखू यायला लागले. मग मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ, मग त्यांचे आवाज. कुबड्या देवमासा गातो तेव्हा शेजारचा बॅगवाला उठून येई आणि विचारी, "क्या भाई, तेरी मशीन रो रही क्या?" एकदा तर त्यानं खरोखरच मेकॅनिकला फोन लावला.

दुकानात येणारी माणसं तक्त्याकडे बघत आणि एकच प्रश्न विचारत, "हा खातात का?" माणूस जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेला असो की नवऱ्याविरुद्ध अर्ज टाइप करायला, जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याकडे बघून त्याला मसाला आठवतो. मी शांतपणे सांगे, की हा मासा नाही. हा आपल्यासारखा हवेवर जगतो, पिलाला जन्म देतो, दूध पाजतो. माणूस मान डोलावे आणि म्हणे, "व्हय व्हय. पण काटा लई असंल."

घरी तर याहून वाईट. घरात माझी माय आहे. आम्ही सोयगावकडचे, मेंढरांवर पोट असलेले. माझ्या वडिलांची मेंढरांची खांडं होती, आणि माय लग्न होऊन आली ती कळपातच आली. तिचं सगळं तारुण्य डोंगराच्या कडेनं मेंढरांमागं चालण्यात गेलं. मी शहरात दुकान टाकलं, वडील गेले, मेंढरं विकली आणि माय छावणीच्या पुढं आमच्या कॉलनीत येऊन राहिली. कळप गेला तरी मायचं वागणं कळपातलंच राहिलं. सांजेला घरातली सगळी माणसं आत आली की नाही हे ती अजून दारात उभी राहून बघते.

माय प्राण्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. मी तिला व्हिडिओ दाखवून म्हणायचो, "माय, हा मासा नाही. सस्तन प्राणी आहे." ती चष्मा वर करून बघायची. "पाण्यात राहतो. शेपूट हाय. अंगाला केस नाय. मग मासा नाय तर काय बोकड हाय?" मी फुप्फुसाबद्दल सांगायचो, डोक्यावरच्या श्वासछिद्राबद्दल सांगायचो. ती ऐकून घ्यायची, मग बायकोकडे वळून म्हणायची, "यानं दुकानात जेवण केलं का गं दुपारी?" गाढवापुढं वाचली गीता असं म्हणतात, पण माझ्या मायला गाढव म्हणायची माझी हिंमत नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला ते लागायचं. गिऱ्हाइकानं मासा म्हटलं तर मी हसून सोडायचो. पण जिनं आयुष्यभर जनावर हातात धरून ओळखलं, तिनं एकदा तरी म्हणावं, "व्हय रे, हे आपल्या मेंढरासारखंच हाय", एवढी माझी इच्छा होती. जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं माझ्या बाजूनं होतं आणि माझी माय विरुद्ध, आणि घरात तिचंच वजन जास्त होतं.

माझे साडू आमच्याच कॉलनीत राहतात आणि कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणजे काय, तर जे काही घडेल ते आपल्यामुळं घडलं असं सांगणारा माणूस. पाऊस पडला तरी ते दोन्ही हात जोडून लोकांचे आभार मानतात. माझ्या नादाची त्यांनी वर्षानुवर्षं टिंगल केली. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं, की कोकणात डॉल्फिन बघायला होडीनं नेतात आणि फोटो फार छान येतात. झालं. एका रविवारी ते घरी आले आणि म्हणाले, "साडू, तुमच्यासाठी म्हणून प्रोग्राम ठरवलाय. हिवाळ्यात कोकण. मावशींना पण घ्यायचं." माझ्यासाठी ठरवलेल्या त्या प्रोग्राममध्ये तीन देवळं, एक किल्ला, काजूचा बाजार आणि उरल्या वेळात समुद्र होता.

गाडीतल्या प्रवासाविषयी मी फार लिहीत नाही. मराठवाड्यातला माणूस घराबाहेर निघाला की दुष्काळातून निघाल्यासारखा डबे भरून निघतो. बाजरीच्या भाकरी, ठेचा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि हे सगळं संपलं तर असावं म्हणून चिवड्याचं पिंप. पाण्याचे जार तर विचारू नका. समुद्राला भेटायला निघालेली माणसं गाडीत इतकं पाणी घेऊन निघाली होती, की मधे एका चहावाल्यानं विचारलं, लग्नाला चाललात का. मायनं आपली घोंगडी घेतली होती. ती घोंगडी कुठंही नेते, दवाखान्यातसुद्धा.

सकाळी होडीवर गेलो. माय आली नाही. "ज्या पाण्याचा तळ दिसत नाय त्यात मी बसणार नाय," असं म्हणून ती वाळूत घोंगडीवर बसली आणि सगळ्यांच्या चपला तिनं आपल्याजवळ घेतल्या. होडी निघाली. मी किती वर्षं त्या क्षणाची वाट बघत होतो हे कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण साडू पुढं उभे राहून व्हिडिओसाठी भाषण करत होते. मी होडीवाल्याला आधीच विनंती केली होती, की मशीन हळू ठेवा, आवाजानं ते बुजतात. त्यानं हो म्हटलं आणि लांबवर एक करडी पाठ दिसताच मशीन सुसाट सोडलं. आजूबाजूच्या चारपाच होड्याही तिकडंच सुटल्या. सगळ्या होड्यांमधली माणसं शिट्ट्या मारत होती, "ए डॉल्फिन! इकडं बघ!" असं ओरडत होती. एक बाई डॉल्फिनना बिस्कीट दाखवत होती.

मला एक पाठ दिसली. वर आली, एक श्वास घेतला, त्या श्वासाचा 'फुस्स' असा आवाज मी मशीनच्या गोंगाटातही ऐकला, आणि ती खाली गेली. तेवढंच. पण मला भरून आलं. तक्त्यावर नव्हे, मोबाइलवर नव्हे, ती खरीखुरी हवा घेऊन गेली होती. मी बायकोला म्हटलं, "ऐकलंस? श्वास घेतला." ती म्हणाली, "अहो, ऐकलं. रडताय कशाला? लोक बघायलेत." साडू नाराज होते. त्यांना उडी हवी होती. "एवढ्या लांबून आलो अन् नुसती पाठ दाखवून गेला," ते म्हणाले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. होडीवाल्यानं समजूत काढली, की साहेब, मोठे मासे डोक्यातून पाण्याचा फवारा उडवतात, पुढच्या वेळी या, दाखवतो. ते वाक्य साडूंनी नीट लक्षात ठेवलं. पुढं त्यानंच घात झाला.

आम्ही किनाऱ्यावर आलो, जेवलो. ओहोटी लागली होती आणि समुद्र लांब हटला होता. तेवढ्यात किनाऱ्याच्या टोकाला माणसं पळताना दिसली. आमच्याकडची माणसं पळणाऱ्या माणसांमागं आधी पळतात आणि कारण नंतर विचारतात. आम्हीही गेलो. ओल्या वाळूत एक पिलू पडलं होतं. डॉल्फिनचं. माणसाच्या लहान मुलाएवढंच लांब, करड्या रंगाचं, अंगावर जन्माच्या वेळच्या घड्या अजून फिकट दिसत होत्या. शेपूट एकदा वाळूवर आपटायचं आणि मग निपचित पडायचं. डोळा उघडा होता.

मी वर्षानुवर्षं ज्याच्याविषयी वाचत होतो, ऐकत होतो, लोकांना पकडून सांगत होतो, ते माझ्या पायाशी मरत होतं. काय करायचं ते मला पाठ होतं. सावली करायची. अंग ओलं ठेवायचं. डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी आणि वाळू जाऊ द्यायची नाही. शेपटीला धरून ओढायचं नाही. माणसं लांब ठेवायची. वनखात्याला कळवायचं. मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. गर्दीतल्या एकानं वळून बघितलं आणि म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

किनाऱ्यावरचा एक कोळी तेवढा ऐकत होता. त्यानं फोन लावला. पलीकडून काय म्हणतात ते मी त्याच्या तोंडाकडं बघून ऐकायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात माझी पाठ फिरली आणि आमच्या माणसांनी काम हातात घेतलं.

आमच्या भागात पाणी पाजण्याएवढं मोठं पुण्य नाही. उन्हाळ्यात रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून तांब्या देणारी माणसं आहेत आमची. माय तर त्यातली पहिली. मेंढरू उन्हानं पडलं की त्याला सावलीत ओढायचं आणि तोंडात पाण्याची धार सोडायची, हे तिनं इतक्यांदा केलं होतं, की तिच्या हाताला यश आहे असं आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बोललं जायचं. मासा पाण्यावाचून पडलाय, त्याला पाणी पाजा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? समुद्र समोर पसरलेला असताना आमचं कुटुंब गाडीतला जार उचलून आणायला पळालं. खारं पाणी कसं पाजायचं, असा बायकोचा सवाल होता.

पिलाचं तोंड मिटलेलं होतं. ते कुणाला उघडेना. तेव्हा साडू पुढं झाले. "अरे, तोंडात नाय," ते म्हणाले, "होडीवाल्यानं सांगितलं ना. डोक्यातून फवारा उडवतो. जिथनं उडवतो तिथनंच घेत असणार. वरून सोडा!" इतकं चोख तर्कशास्त्र मी आयुष्यात ऐकलं नाही. एका पर्यटकानं लगेच आपली बाटली त्या छिद्रावर रिकामी केली. पिलू सगळ्या अंगानं आखडलं. लोक म्हणाले, "पितंय, पितंय!" आणि दुसऱ्यानं बाटली काढली. साडू म्हणाले, "मावशी, तुम्ही सोडा. तुमच्या हाताला यश हाय." माय गर्दीतून पुढं आली, गुडघ्यावर बसली आणि तिनं भरलेला तांब्या वाकवला.

मी धावलो. मी ओरडत होतो, "श्वासछिद्र आहे ते! ब्लोहोल! सस्तन प्राणी! फुप्फुसात जाईल पाणी!" इतक्या वर्षांचं ज्ञान माझ्या तोंडातून एकदम बाहेर पडत होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. साडू म्हणाले, "साडू, आता लेक्चर नको, जीव चाललाय." जीव चाललाच होता, पण कुणामुळं हे त्यांना कोण सांगणार? एका माणसानं मला दंडाला धरून मागं ओढलं. माझी माय, जिनं कधी मुंगी मारली नाही, ती शांतपणे, मायेनं, पुण्य म्हणून, त्या पिलाला बुडवायला निघाली होती. पाण्याबाहेर, वाळूवर.

मग मला काय झालं ते माहीत नाही. पुस्तकातले शब्द सगळे गेले आणि लहानपणी कळपामागं ओरडायचो तसा मी ओरडलो.

"माय! ती मेंढी हाय! ते भोक नाय, तिचं नाक हाय! डोक्यावर नाक हाय तिला! तू मेंढराच्या नाकात पाणी ओततीस का?"

मायचा हात थांबला. पाण्याची धार हलकेच सरकून वाळूत पडली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला, पुढं वाकली आणि आपला तळवा त्या छिद्रासमोर धरला. अंगाला न लावता, जरा लांब. आजारी मेंढराच्या नाकपुडीसमोर धरतात तसा. आम्ही सगळे बघत राहिलो. मग छिद्र उघडलं, पाण्याचे बारीक शिंतोडे उडाले आणि 'फुस्स' करून श्वास आला.

"ऊन हाय," माय म्हणाली. "श्वास ऊन हाय हिचा."

आणि ती उठली. मी मायला मेंढरांच्या कळपात शिरलेल्या कुत्र्यांवर धावून जाताना बघितलं होतं, पण माणसांवर पहिल्यांदाच बघितलं. "ठेवा त्या बाटल्या!" ती ओरडली. "नाकात पाणी ओतायलेत, मुडदे! तुमच्या नाकात ओतू का? हाटा मागं! सावली करा!" जो माणूस मला फ्रेममधून बाजूला व्हायला सांगत होता, त्याच्या हातातला मोबाइल तिनं खाली ढकलला आणि त्याला छत्रीसारखं हात पसरून उन्हाच्या बाजूला उभं केलं. तो राहिला. मी तासभर सांगून जे झालं नसतं, ते तिच्या एका शिवीनं झालं. मला राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

कोळ्याचा फोन संपला होता. वनखात्याची माणसं निघाली होती पण लांबून यायची होती, आणि पाणी आणखी मागं चाललं होतं. त्यांनी सांगितलं, ओल्या कापडात उचलून कमरेएवढ्या पाण्यात न्या, सरळ धरून ठेवा, स्वतःहून हललं तर सोडा. मायनं लगेच घोंगडी काढली. मी म्हटलं, "नको, ती खरखरीत आहे, तिची कातडी सोलेल." माय म्हणाली, "मेंढराचीच लोकर हाय. मेंढराला कशी टोचंल?" क्षणभर मला वाटलं, मी जरा जास्तच चांगलं समजावलं होतं. मग साडूंच्या गाडीतली सोलापुरी चादर आणली. साडूंचा जीव वरखाली होत होता, कारण ती त्यांच्या लग्नातली होती.

आम्ही चौघांनी चादर धरली. तळ न दिसणाऱ्या पाण्यात न बसणारी माझी माय लुगडं खोचून आमच्याबरोबर आत शिरली आणि पूर्ण वेळ एका हाताचा आडोसा त्या छिद्रासमोर धरून राहिली, लाट येऊ नये म्हणून. लाट तिचं ऐकत नव्हती, पण ती लाटेलाही ओरडत होती. पिलू बराच वेळ नुसतं तरंगत राहिलं. कोळी त्याला बगलेत धरून हळूहळू हलवत होता. मग त्याच्या शेपटीला ताकद आली. एकदा मारली, पुन्हा मारली. कोळ्यानं हात सैल केला आणि ते गेलं. पाण्याखाली एक करडी सावली सरकली आणि मग तीही दिसेना.

किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. साडू कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून मोबाइलच्या कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "वाचवलं! संभाजीनगरच्या पोरांनी वाचवलं!" ते पोर साठीचं आहे. लोक मायच्या पाया पडायला लागले. माय पाण्याकडं बघत होती.

"हिची माय कुठंय?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "असेल आतमधे. ते कळपानं राहतात. पिलाला सोडून फार लांब जात नाहीत."

"असंल म्हंजी? दिसली का तुला?"

"नाही."

 सांजेपर्यंत ती वाळूत बसून होती. दिवस मावळल्यावरही उठायला तयार नव्हती. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ती साडूंना म्हणाली, की उद्या सकाळी पुन्हा तिथं जाऊन बघू, पिलू परत वाळूवर आलं का, आईला सापडलं का. साडू म्हणाले, "मावशी, उद्या गणपतीचं दर्शन हाय. गाडीचा टाइम ठरलाय." मीही म्हटलं, की बघून काही कळणार नाही, समुद्र केवढा असतो. हे शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं. सकाळी आम्ही गणपतीला गेलो. तिथं फार गर्दी होती.

आम्ही घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. त्यात साडू कंबरभर पाण्यात आहेत, माझा दंड दिसतो आणि मायचा आवाज शिव्या असल्यामुळं कापलाय. कॉलनीत पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी वाचवलं होतं, एरवी आम्ही फक्त जागा वाचवतो, पार्किंगची. साहजिकच सत्कार ठरला. आमच्याकडं माणूस दहावी पास झाला तरी शाल, बदली झाली तरी शाल आणि निवृत्त झाला तर दोन शाली. सगळ्यांच्या कपाटात त्याच त्या शाली फिरत असतात.

मंडळानं फ्लेक्स छापला. त्यावर साडू, माय आणि मी अशा आम्हा तिघांचे फोटो आणि मागं आकाशात उड्या मारणारे परदेशी डॉल्फिन. वर मोठ्या अक्षरांत "मत्स्यमित्र सत्कार सोहळा." मी साडूंना म्हटलं, "साडूभाऊ, एवढं सगळं झालं, तरी मत्स्य? तो मासा नाही." ते म्हणाले, "माहितीय हो. पण फ्लेक्स छापून आलाय." त्या वाक्यापुढं कुठलंही विज्ञान टिकत नाही. मी स्वतः छपाईच्या धंद्यात असल्यामुळं मला ते मान्य करावं लागलं.

संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी नेमका नळ आला होता, त्यामुळं बायका उशिरा आल्या आणि भाषणं लांबली. साडूंनी सांगितलं, की प्रसंगावधान राखून योग्य त्या ठिकाणी पाणी देण्याची कल्पना आमच्या मराठवाड्याच्या संस्कृतीत कशी भिनली आहे. मी खुर्चीत आखडून बसलो होतो. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, मी फोटोसाठी वळलो. मला लाज वाटत होती आणि छानही वाटत होतं, दोन्ही एकदम. इतकी वर्षं ज्याला नाद म्हणत होते त्याला आता 'अभ्यास' म्हणत होते, आणि तेही माइकवरून.

मग मायला माइक दिला. ती कधी माइकवर बोलली नव्हती. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, शाल तशीच घडी करून मांडीवर ठेवलेली, आणि ती म्हणाली, "मला एक इचारायचंय. ते पिलू वाचलं, असं तुम्ही म्हणता. आमच्यात कोकरू उठून उभं राहिलं म्हणून वाचलं म्हणत नाय. पाण्यात सोडलं म्हणून तर नायच. ते आपल्या मायला जाऊन पिताना दिसलं, की मग म्हणायचं वाचलं. तवर नाय."

लोक हसले, काही जणांनी वा वा केलं, आणि मैदानात टाळ्या वाजल्या. माय थांबली. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं माइक माझ्याकडं केला.

"तू एवढं शिकलास त्यांच्याबद्दल. तू बघितलंस का रे तिला पिताना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. साडू मागून खुणावत होते, दोन शब्द बोला. मी त्या माइकमधे "नाही" म्हणालो.

त्यावरही टाळ्या पडल्या.